फट्! गोटी आत, बाटली परत!

दोस्तांनो, जरा जवळ या. एक कोडं घालते.

एक वस्तू आहे. नखाएवढी. कधी कधी तर तिळाएवढी! पण किंमत विचाराल तर डोळे पांढरे होतील. ही वस्तू एका माणसाकडून दुसऱ्याकडे न्यायची आहे. कशात ठेवून न्याल?

लोखंडी पेटीत? मखमली डबीत? चार कुलपांच्या तिजोरीत?

चुकलात! कागदाच्या पुडीत!

हो, हो, वाण्याकडून आजी हिंग आणायची ना, तशीच पुडी! आणि ती वस्तू कोणती, ओळखा पाहू? हिरा!

हे सगळं घडतं सुरतेत. इतिहासाच्या पुस्तकात तुम्हाला सुरत भेटलीच असेल. शिवाजी महाराज १६६४ साली तिथे गेले होते, तीच ही सुरत. आज ती हिऱ्यांची नगरी आहे. जगभरातले पैलू पाडलेले १० हिरे समोर ठेवले, तर त्यातल्या साधारण ९ हिऱ्यांना पैलू पाडलेले असतात सुरतेच्या कारागिरांनी!

तिथे महिधरपुरा नावाचा भाग आहे. तिथल्या गल्लीत व्यापारी चक्क रस्त्यावर उभे राहून हिरे दाखवतात. कुणी ओट्यावर बसलेलं, कुणी स्कूटरला टेकलेलं. खिशातून पांढरी पुडी निघते. सुरतेत तिला म्हणतात ‘पडीकुं’. घडी उलगडली, की आत लखलख! बघून झालं, की पुन्हा घडी. डिंक नाही, चिकटपट्टी नाही, टाचणी नाही. फक्त कागदाची हुशार घडी! उघडा, मिटा. पुन्हा उघडा, पुन्हा मिटा.

आता मला सांगा. हिऱ्याचं वेष्टण पुन्हा पुन्हा वापरतात. मग पाच रुपयांच्या चिवड्याचं वेष्टण एकदाच फाडून का फेकायचं?

आहे की नाही विचार करण्यासारखी गोष्ट? चला तर मग, आज आपण सुरतेत एक फेरी मारू. आणि वाटेत जी वस्तू भेटेल, तिला एकच प्रश्न विचारू. ‘काय गं, तू परत येणार का?’

पळणाराच दार लावतो!

फिरून फिरून तहान लागली? मग सोडा पिऊ या. सुरतकरांना सोडा भारी आवडतो! आपण घेऊ गोटीवाला सोडा. तो सुरतेतच कशाला, तुमच्या गावच्या जत्रेतही भेटला असेल.

बाटली बघा. जाड काच. चिमटा काढल्यासारखा गळा. आणि गळ्यात एक काचेची गोटी! बाटलीला बूच नाही, झाकण नाही. मग सोडा सांडत कसा नाही?

इथेच तर खरी गंमत आहे!

सोड्यात एक वायू दाबून भरलेला असतो. कार्बन डायऑक्साइड. आपण श्वास सोडतो, तेव्हा नाकातून बाहेर पडतो ना, तोच. बाटलीत कोंडलेल्या या वायूला बाहेर पळायची भलती घाई असते.

आता तुमचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. मधल्या सुट्टीची घंटा झाली. सगळी मुलं एकदम दाराकडे धावली. पण दार आतल्या बाजूला उघडणारं आहे! मुलं जितकी ढकलतील, तितकं दार आणखी घट्ट बंद! बाहेर पडायला धडपडणाऱ्यांनीच दार लावलं की हो!

बाटलीत अगदी तसंच होतं. भरताना बाटली उलटी करतात. गोटी घरंगळत तोंडाशी येते. तिथे आतून रबराची एक कडी बसवलेली असते. वायू गोटीला मागून ढकलतो. गोटी रबरावर जाऊन घट्ट बसते. मग बाटली सुलटी केली, तरी गोटी जागची हलत नाही!

आणि उघडायची कशी? वरून अंगठ्यानं जोरात दाबायचं. फट्! गोटी खाली, वायू बाहेर, बुडबुडे वर! गळ्याच्या त्या चिमट्यात गोटी अडकून बसते. म्हणून पिताना ती पुन्हा तोंडाशी येत नाही.

ही युक्ती कुणाची, ठाऊक आहे? इंग्लंडमधल्या हायरम कॉड नावाच्या माणसाची. १८७२ सालची! म्हणजे तुमच्या पणजीच्या पणजीच्या वेळची बाटली अजून ‘फट्’ म्हणते आहे.

पण थांबा, सगळ्यात भारी गोष्ट पुढेच आहे. सोडा संपला, की बाटली कुठे जाते?

परत!

दुकानदार ती खणांच्या पेटीत ठेवतो. पेटी जाते कारखान्यात. बाटली घासूनपुसून धुतली जाते, पुन्हा भरली जाते, पुन्हा येते. झाकणसुद्धा फेकायचं नाही, कारण झाकण तर बाटलीच्या पोटातच आहे!

आपल्या प्रश्नाला बाटलीनं काय उत्तर दिलं? ‘येणार! उद्याच येणार!’

काच हुशार, की फेरी हुशार?

आता एक फसवा प्रश्न. काच चांगली आणि प्लास्टिक वाईट, बरोबर ना?

‘हो’ म्हणालात? थोडं चुकलं!

काच बनवायला वाळू वितळवावी लागते. त्यासाठी भट्टी लागते सुमारे १५०० अंश सेल्सिअसची. तुमच्या घरी पाणी उकळतं १०० अंशांना. त्याच्या १५ पट! शिवाय काच जड. ट्रकला ओढायला डिझेल जास्त. म्हणून काचेची बाटली एकदाच वापरून फेकली, तर तो मोठाच तोटा!

पण तीच बाटली पुन्हा पुन्हा आली तर? भट्टीची सगळी मेहनत १० फेऱ्यांत वाटली जाते. २० फेऱ्यांत वाटली जाते. जर्मनीत पाण्याच्या काचेच्या बाटल्या सुमारे ५० वेळा भरल्या जातात! बाटली घेताना दुकानदाराकडे थोडे जास्त पैसे ठेवायचे, म्हणजे डिपॉझिट. बाटली परत दिली, की पैसे परत. मग कोण विसरेल?

म्हणजे हुशार काच नाही, दोस्तांनो. हुशार आहे ती परतीची फेरी!

पिशवीच्या बाबांचा खिसा

आता प्लास्टिकच्या पिशवीला विचारू. पण आधी तिची एक गुपित गोष्ट ऐका.

ही बनियनसारख्या आकाराची पिशवी शोधून काढली स्वीडनमधल्या एका इंजिनिअरनं. नाव स्टेन गुस्ताफ थुलिन. १९६५ साली त्यांच्या कंपनीला पेटंट मिळालं. पेटंट म्हणजे ‘ही युक्ती आमची’ असा सरकारी कागद.

त्या काळी लोक कागदाच्या पिशव्या वापरायचे. त्यासाठी झाडं तोडावी लागत. थुलिनना वाटलं, अशी पिशवी हवी जी हलकी असेल, मजबूत असेल आणि पुन्हा पुन्हा वापरता येईल.

नीट ऐकलंत ना? पुन्हा पुन्हा! त्यांच्या मुलानं पुढे सांगितलं, की बाबा स्वतः कायम खिशात एक पिशवी घडी करून ठेवायचे.

म्हणजे पिशवीच्या बाबांना जे हवं होतं, त्याच्या बरोब्बर उलटं आपण केलं! त्यांनी परत येणारी पिशवी दिली. आपण तिला एकदाच वापरून फेकायला लागलो.

बरं, फेकली तर बिघडलं कुठे? केळीची सालही आपण फेकतोच की!

बिघडतं, कारण दोघींचा स्वभाव वेगळा. प्लास्टिकची पिशवी म्हणजे एक लांबच लांब साखळी. मैदानावर हात धरून उभ्या राहिलेल्या मुलांची रांग असते ना, तशी. फक्त मुलांच्या जागी कार्बनचे अणू. हजारो अणू! केळीच्या सालीतही अशा साखळ्या असतात. पण त्यांचे सांधे मातीतल्या जिवाणूंच्या ओळखीचे. जिवाणूंकडे जणू इवल्या इवल्या कात्र्या असतात. कच्, कच्, कच्! साल खलास!

पिशवीच्या साखळीत मात्र त्या कात्र्यांना सांधा सापडतच नाही. मग पिशवी पडून राहते. उन्हानं कडक होते. तिचे तुकडे होतात. तुकड्यांचे तुकडे होतात. पार तांदळाच्या कणीहून बारीक. पण साखळी काही सहजासहजी सुटत नाही!

आणि हे तुकडे जातात कुठे? सुरतेतून वाहते तापी नदी. तुमच्यापैकी कुणी भुसावळचं आहे का? मग तापी तुमचीही! मध्य प्रदेशातल्या मुलताईला ती जन्मते, खानदेशातून दुडदुडत जाते आणि ७२४ किलोमीटर चालून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. नदीचा रस्ता एकेरी. वाटेतला कचरा ती पुढे नेते, मागे कधीच आणत नाही.

समुद्र मात्र आणतो! पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीला मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर लाटा कशा कचऱ्याचे ढीग आणून टाकतात, पाहिलंय ना? जणू समुद्र म्हणतो, ‘हे घ्या, तुमचं तुम्हाला परत!’ अशी परतफेड कुणाला हवी आहे?

१३१ वेळा!

‘मग सोपं आहे,’ तुम्ही म्हणाल. ‘नवी कोरी कापडी पिशवी आणू!’

थांबा, थांबा! इथे एक आश्चर्य दबा धरून बसलंय.

कापूस पिकवायला पाणी लागतं, खत लागतं. सूत कातायला, कापड विणायला वीज लागते. इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानं २०११ साली याचा हिशोब मांडला. हवा तापवणारे वायू कुठल्या पिशवीमुळे किती तयार होतात, असा तो हिशोब. आणि उत्तर काय आलं माहीत आहे? सुती पिशवी निदान १३१ वेळा वापरली, तरच ती एकदा वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा चांगली!

१३१! आठवड्यातून दोनदा बाजारात नेलीत, तर सव्वा वर्ष लागेल. म्हणजे चौथीची शाळा सुरू होताना घेतलेली पिशवी पाचवीच्या सहामाही परीक्षेपर्यंत जपायला हवी. मगच ती जिंकेल! दर महिन्याला नवी पिशवी आणून कपाटात कोंबली, तर ती हरलीच.

म्हणून एक युक्ती सांगते. नवी पिशवी आणूच नका! घरात जुनी साडी आहे ना?

साडीवरून आठवलं. सुरत म्हणजे साड्यांचंही शहर! तिथल्या रिंग रोडवरच्या बाजारात कापडाचे डोंगर असतात. खानदेशातून गेलेली कितीतरी मराठी माणसं तिथल्या कापड गिरण्यांत काम करतात. उधना, लिंबायत भागात फिरलात, तर मराठी कानावर पडेल. सुरतेत महापालिकेच्या मराठी शाळासुद्धा आहेत!

आणि ओळखा पाहू, सुरतेतल्या बऱ्याचशा साड्या कशाच्या बनतात? पॉलिएस्टरच्या. आणि पॉलिएस्टर म्हणजे कोण? आपण पाणी पितो त्या प्लास्टिकच्या बाटलीचा सख्खा भाऊ! दोघांचा पदार्थ एकच! तो वितळवून साच्यात फुगवला, की बाटली. आणि बारीक भोकांतून दाबून काढला, की धागा. दिवाळीत आई सोऱ्यातून शेव पाडते ना? तश्शीच धाग्याची शेव!

बाटली आणि साडी एकाच पिठाची! पण बाटली तासाभरात कचऱ्यात जाते आणि आईची साडी १५ वर्षं नेसली जाते. बघा, पदार्थ तोच. फरक कुठे पडला? आपण त्याला किती वेळा हाताशी धरलं, त्यात!

आता थोडं गणित. साडी साधारण साडेपाच मीटर लांब, म्हणजे ५५० सेंटिमीटर. रुंदी ११० सेंटिमीटर. तिच्या ४५ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. किती होतील? ५५० भागिले ४५. बारा! प्रत्येक पट्टीतलं ९० सेंटिमीटर कापड दुमडून पिशवी शिवा. उरलेल्या २० सेंटिमीटरचे दोन बंद. एका साडीच्या १२ पिशव्या! आणि ना नवा कापूस, ना नवं पाणी.

पॉलिएस्टरच्या साडीची पिशवी हलकी, पटकन वाळणारी, सहसा न कुजणारी. फक्त तिला उगाच रोज धुऊ नका. धुताना सुटलेले बारीक धागे पाण्यात जातात आणि तेही प्लास्टिकचेच. ओल्या फडक्यानं पुसली तरी चालेल.

नियमही तेच सांगतो

सुरतेत शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी एक धमाल सण असतो. चांदनी पडवो! त्या दिवशी सगळे घारी खातात. आपल्या कोकणातली भोपळ्याची घारी नव्हे हं! ही मावा आणि सुकामेवा भरलेली, तुपात घोळलेली गोल मिठाई.

मिठाईच्या खोक्यावर पूर्वी एक चकचकीत पातळ प्लास्टिक गुंडाळलेलं असायचं. खोकं उघडताना ते पहिल्यांदा टराटरा फाडायचं आणि टाकून द्यायचं. काम किती मिनिटांचं? मोजून बघा! १ जुलै २०२२ पासून भारतभर या वेष्टणावर बंदी आहे. प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि सरबताच्या नळ्यांवरही.

आणि पिशव्यांचं काय? महाराष्ट्रानं २०१८ सालीच प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आणली. देशाचा नियम म्हणतो, पिशवी १२० मायक्रॉनपेक्षा पातळ नको. एका मिलिमीटरचे १००० सारखे भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. ‘पण जाड पिशवीत प्लास्टिक जास्त नाही का?’ अरे वा, छान शंका! जास्तच. पण जाड पिशवी लवकर फाटत नाही. म्हणून लोक ती पुन्हा वापरतात. बघा, नियमालाही परतीची फेरीच हवी आहे!

आता तुम्ही म्हणाल, ‘एवढ्या माणसांची सवय कशी बदलणार?’ त्याचंही उत्तर सुरतेतच आहे. १९९४ साली तिथे प्लेगची साथ आली होती. शहर तेव्हा अस्वच्छतेसाठीच ओळखलं जायचं. मग १९९५ मध्ये एस. आर. राव नावाचे आयुक्त आले. गल्लीगल्ली झाडली जाऊ लागली, रोजच्या रोज. लोकांनी सवयी बदलल्या. आणि जानेवारी २०२४ मध्ये काय जाहीर झालं? देशातली सगळ्यात स्वच्छ शहरं दोन. इंदूर आणि सुरत! आहे की नाही टाळ्या वाजवण्यासारखं?

आता तुमची पाळी

आपल्या घरात ‘परत येणारं’ सगळ्यात मोठं वेष्टण कोणतं, ओळखा! स्वयंपाकघरातच आहे. लाल रंगाचं आहे. अजून नाही?

गॅसची टाकी! आत १४.२ किलो गॅस. गॅस संपतो, टाकी परत जाते, भरून पुन्हा येते. वर्षानुवर्षं! मोठ्या माणसाला सोबत घ्या आणि टाकीच्या वरच्या पट्ट्यांवर आतल्या बाजूला बघा. तिथे एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. आकडे म्हणजे साल. ‘बी-२८’ असेल, तर जून २०२८ संपायच्या आत टाकीची पुढची तपासणी व्हायला हवी. जणू टाकीचं प्रगतिपुस्तकच!

आणि मुंबईचा डबेवाला? १८९० साली महादेव हवाजी बच्चे यांनी हे काम सुरू केलं. जेवण ऑफिसात जातं, डबा संध्याकाळच्या आत घरी परत. ना पुडकं, ना कागद, ना प्लास्टिक.

म्हणजे ही युक्ती आपल्याला नवी नाहीच. आपण फक्त थोडे विसराळू झालोय!

तर आता एक वही घ्या. तिला नाव द्या ‘परतीची वही’. आठवडाभर घरात येणाऱ्या प्रत्येक वेष्टणाला आपला प्रश्न विचारा. ‘तू परत येणार का?’ जे दुकानात परत जाऊन भरून येईल किंवा घरातच पुन्हा वापरलं जाईल, त्याच्यापुढे ‘प’ लिहा. पळसाच्या पानांच्या पत्रावळीसारखं जे मातीत परत जाईल, त्याच्यापुढे ‘मा’. आणि जे कुठेच परत जात नाही, त्याच्यापुढे मोठी फुली. रविवारी फुल्या मोजा. मग त्यातली एक, फक्त एक, पुढच्या आठवड्यात पुसायची. दह्याला घरचा डबा न्याल? भाजीला साडीची पिशवी? ते तुम्हीच ठरवा!

आणि हो, एक शेवटची गोष्ट. अगदी कानात सांगते.

गोटीवाला सोडा प्यायल्यावर तुम्हाला काय वाटतं, ते मला माहीत आहे. ‘ती गोटी मला हवी!’ खरं ना? दीडशे वर्षांपासून सगळ्या मुलांना तसंच वाटत आलंय. तिकडे इंग्लंडात तर मुलांनी गोटीसाठी इतक्या बाटल्या फोडल्या, की त्या जुन्या बाटल्या आता मोठ्या मुश्किलीनं सापडतात!

पण विचार करा. गोटी तुमच्या खिशात गेली, तर ती एकट्या तुमची. बाटलीतच राहिली, तर उद्या ती दुसऱ्या कुणाच्या तरी अंगठ्याखाली असेल. परवा तिसऱ्याच्या. आणि पुढच्या जत्रेला कदाचित पुन्हा तुमच्या!

फट्!